घराचं दार कुणासाठी उघडं?

(चंदगड येथे समुपदेशन केंद्रांतील कार्यकर्त्या आणि बचत गटांच्या लेखनिक यांच्यापुढे केलेले भाषण. मासिकासाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



आजचा विषय संगणकातल्या घरांचा आहे हे कळल्यावर तुमच्यातल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, शिबिर तर हिंसेवर आहे. मग हे कुठनं आलं?" प्रश्न रास्त आहे. मी संगणकशास्त्र शिकलेली नाही, माझं शिक्षण समाजकार्याचं. पण आपल्या कामातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे बाईनं आपल्यापाशी विश्वासानं सांगितलेली हकिकत. ती आता वहीतून संगणकात गेली आहे. वही कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली आपल्या पिशवीत असायची. संगणकातल्या हकिकतीची किल्ली कुणाकडं असते, ते आज आपण पाहणार आहोत. कुणीही घाबरून जाऊ नका. यात तीनपर्यंत मोजता येणं आणि बेरीज येणं एवढीच पात्रता लागते.

आपल्यापैकी बऱ्याच संस्थांकडं देणगीत मिळालेली जुनी यंत्रं आहेत. त्यांच्यावर विंडोजचा परवाना विकत घेणं परवडत नाही, म्हणून कुणीतरी ओळखीचा मुलगा लिनक्स घालून देतो. लिनक्स फुकट असते आणि जुन्या यंत्रावर बरी चालते. आपल्याकडं सी-डॅक या सरकारी संस्थेनं 'बॉस' नावाची भारतीय लिनक्सही काढली आहे. ही सगळी मंडळी एका जुन्या घराण्यातली. त्या घराण्याचं नाव युनिक्स. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती लिहायला घेतली. त्या काळी संगणक एवढा महाग होता की माणशी एक मिळणं अशक्य. एका यंत्रावर अनेकजण काम करायचे. मग प्रत्येकाला त्या यंत्रात स्वतःची एक जागा नेमून दिली गेली. त्या जागेला त्यांनी नाव दिलं 'होम', म्हणजे घर. आजही लिनक्सच्या यंत्रावर तुमच्या नावाचं खातं उघडलं की तुमच्या नावाचं एक घर तयार होतं. तुमची पत्रं, फोटो, अहवाल, सगळं त्या घरात जातं.

दारावरची पाटी

आता या घराच्या दारावर एक पाटी असते. पाटीवर तीन ओळी. पहिली ओळ मालकाची, दुसरी त्याच्या गटाची, तिसरी बाकी सगळ्यांची, म्हणजे त्या यंत्रावर ज्यांचं ज्यांचं खातं आहे त्यांची. प्रत्येक ओळीत तीन परवानग्या लिहिता येतात. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २ आणि आत शिरण्याचा १. ज्या परवानग्या दिल्या त्यांची बेरीज करायची. मालकाला तिन्ही दिल्या तर ७. गटाला वाचायला आणि शिरायला दिलं, लिहायला नाही दिलं, तर ५. बाकीच्यांनाही तेवढंच दिलं तर पुन्हा ५. पाटी झाली ७५५. बाकीच्यांना काहीच दिलं नाही तर ७५०. फक्त मालकाला दिलं तर ७००.

घराच्या बाबतीत या शब्दांचे अर्थ नीट समजून घ्या. 'वाचणे' म्हणजे घरात कोणकोणत्या वस्तू आहेत त्यांच्या नावांची यादी दिसणे. 'लिहिणे' म्हणजे घरात वस्तू आणून ठेवणे किंवा काढून टाकणे. 'शिरणे' म्हणजे उंबरा ओलांडून आतल्या वस्तूपर्यंत पोचणे. वस्तूवर, म्हणजे फायलीवर, पुन्हा तिची स्वतःची पाटी असतेच. पण उंबराच ओलांडता येत नसेल तर आतल्या फायलीची पाटी काहीही म्हणो, बाहेरचा तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून दाराची पाटी महत्त्वाची.

नवं खातं उघडलं की ही पाटी कोण लिहितं? तुम्हाला कुणी विचारत नाही. यंत्र स्वतःच लिहितं. संगणकवाले त्याला डिफॉल्ट म्हणतात. आपण काहीच सांगितलं नाही तर जे आपोआप होतं, ते डिफॉल्ट. अनेक वर्षं लिनक्सच्या अनेक प्रकारांत, त्यात सगळ्यात लोकप्रिय अशा उबुंटूतही, ही आपोआप लागणारी पाटी ७५५ होती. म्हणजे यंत्रावर ज्याचं खातं आहे त्या प्रत्येकाला तुमच्या घरात शिरायला आणि यादी वाचायला मोकळीक. त्यात आणखी एक भर. नवीन फाईल तयार करताना तिची पाटी ठरवणारी 'यूमास्क' नावाची एक खूण असते. ती बहुतेक ठिकाणी ०२२ असायची. तिच्यामुळं तुमची नवी फाईल ६४४ होते, म्हणजे मालकानं लिहावी-वाचावी आणि बाकी सगळ्यांनी वाचावी. घर ७५५, फाईल ६४४. दोन्ही मिळून अर्थ एकच होतो. शेजारच्या खात्यावरच्या माणसानं कुलूप तोडलं नाही, चोरी केली नाही, कुठला नियम मोडला नाही, तरी तो तुमची फाईल वाचू शकतो.

हे असं का ठेवलं होतं? त्यामागं कुणाचा वाईट हेतू नव्हता. ज्या प्रयोगशाळांत आणि विद्यापीठांत ही पद्धत रुजली तिथं एकमेकांचं काम वाचणं, त्यातून शिकणं हीच रीत होती. कुणाला काही दाखवायचं असेल तर दर वेळी दार उघडत बसायला नको, असा सोयीचा विचार होता. ओळखीच्या, बरोबरीच्या माणसांच्या वाड्यात दारं उघडी असली तरी बिघडत नाही. आपल्याकडंही दिवसा सोप्याचं दार कोण लावून घेतं? पण त्या रीतीत एक गोष्ट गृहीत आहे. वाड्यातले सगळे बरोबरीचे आहेत, कुणाचं कुणावाचून अडत नाही आणि कुणाला कुणाची भीती नाही. आपल्या केंद्रात येणारी बाई नेमकी त्या गृहीतकाच्या बाहेरची असते.

चंदगडात याचा अर्थ काय

समजा, एका केंद्रात एकच यंत्र आहे. त्यावर तीन खाती. एक समुपदेशन करणाऱ्या ताईंचं, एक हिशेब लिहिणाऱ्यांचं आणि एक टायपिंगला येणाऱ्या कॉलेजच्या मुलाचं. काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून लेकरं घेऊन बाहेर पडली आहे. ती बेळगावात कुणाकडं राहते, मुलं कुठल्या शाळेत घातली आहेत, कोर्टाची पुढची तारीख कधी, सगळं ताईंच्या फायलीत आहे. ते लिहावंच लागतं. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली घटनेचा जो अहवाल भरतात, त्यात पत्ता-फोनसकट सगळं येतं.

टायपिंग करणारा मुलगा चांगला आहे असंच आपण धरू. पण आपला तालुका कसा आहे? चार घरं पुढं गेलं की नातं लागतं. मुलगा त्या नवऱ्याच्या मावसभावाचा निघाला तर? त्यानं फाईल उघडायचीही गरज नाही. यादीत बाईच्या नावाची आणि गावाच्या नावाची फाईल दिसली, एवढ्यावरही बातमी तयार होते. म्हणून सांगते, नुसती फाईल कुलूपबंद करून भागत नाही, नावांची यादीही झाकावी लागते. शहरात अनोळखीपणाचं पांघरूण असतं. तालुक्याच्या गावात ते नसतं, म्हणून इथं दाराची पाटी जास्त महत्त्वाची.

न मागता मिळणं आणि मागून मिळणं

डिफॉल्ट हा शब्द नवा वाटला तरी ती गोष्ट आपण चळवळीत फार आधीपासून ओळखतो. जमिनीचं उदाहरण घ्या. १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रम घेतला. नवऱ्यानं स्वखुशीनं बायकोच्या नावावर जमीन करावी, असं आवाहन होतं. ते काम मोठंच होतं. पण नवऱ्यानं काही केलं नाही तर काय? तर जमीन त्याच्याच नावावर राहणार, कारण न बोलता होणारी गोष्ट ती होती. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलला आणि अविवाहित मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. पुढं ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना तो मिळाला, लग्न झालेल्यांनाही. इथं न बोलता होणारी गोष्टच उलटी झाली. आता मुलीला वाटा मिळतो, आणि तो काढून घ्यायचा असेल तर तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यावं लागतं. ते कसं लिहून घेतलं जातं हे तुम्ही-आम्ही रोज बघतो, साडीचोळीवर बोळवण होते. पण निदान त्यासाठी आता त्यांना तिच्या दारात यावं लागतं, तिची सही लागते. न मागता मिळणं आणि मागून मिळणं यात एवढं अंतर आहे.

कोर्टातलंही तसंच. गडचिरोली भागातल्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. त्यानंतर चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये लिहिलेलं खुलं पत्र आणि देशभर उठलेलं आंदोलन यातून १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्कारित स्त्रीची ओळख छापणं गुन्हा ठरला आणि अशा खटल्याची सुनावणी बंद दालनात व्हावी असा नियम झाला. २०२४ च्या जुलैपासून नव्या संहिता लागू झाल्या तरी हे दोन्ही नियम त्यांच्यात कायम आहेत. म्हणजे तिथं दार मुळातच बंद आहे, बाईला अर्ज करावा लागत नाही. याउलट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातलं कलम १६ पाहा. तिथं बंद दालनात सुनावणी होऊ शकते, पण कुणा एका पक्षाची इच्छा असेल आणि न्यायाधीशांना तसं योग्य वाटलं तर. म्हणजे दार मुळात उघडं, बंद करायचं तर बोलावं लागणार. आणि पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलेली बाई एवढं बोलू शकते का? ज्याला बोलता येतं, नियम माहीत असतात, त्याला उघड्या दाराचा त्रास होत नाही, तो उठून लावून घेतो. डिफॉल्टचा सगळा भार न बोलणारीवर पडतो.

संगणकातही हाच वाद झाला. जाणकार म्हणायचे, ज्याला नको असेल त्यानं आपली पाटी बदलावी, एका ओळीचं काम आहे. खरं आहे. पण पाटी आहे हेच ज्याला माहीत नाही त्यानं काय बदलायचं? रेड हॅट आणि फेडोरा या प्रकारांत घर मुळातच ७०० असतं. उबुंटूनं अखेर एप्रिल २०२१ च्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या घरांची पाटी ७५० केली. तिथं प्रत्येक खात्याचा गट मुळात त्या एकाच खात्याचा असतो. त्यामुळं तुम्ही मुद्दाम कुणाला आपल्या गटात घेतलं नाही, तर ७५० म्हणजे ७०० सारखंच झालं.

पण यात एक मेख आहे. हा बदल नव्या घरांना लागू झाला. २०२१ पूर्वी उघडलेलं घर, मग वरची आवृत्ती कितीही नवी चढवलेली असो, त्याची पाटी जुनीच राहते. इथंही कायद्याचा दाखला आठवतो. २००५ च्या दुरुस्तीत २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी तशीच ठेवली गेली. वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असायला हवेत का, यावर तर पंधरा वर्षं भांडणं चालली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तशी अट नाही, हक्क जन्मानंच मिळतो, असं सांगितलं तेव्हा कुठं ती मिटली. नियम बदलल्याची बातमी आली म्हणून आपल्या घरात तो बदल पोचला असं धरून चालू नये. जाऊन सातबारा काढून बघावा लागतो. तसंच यंत्रातही बघावं लागतं.

मग 'घरातली बाब' या म्हणण्याचं काय?

परवा एका कार्यकर्त्या मैत्रिणीनं मला अडवलं. ती म्हणाली, "आपण इतकी वर्षं सांगतोय की मारहाण ही घरातली खासगी बाब नाही. बंद दाराआडचं बाहेर आणा म्हणतो. आणि आता तूच दारं लावा म्हणून सांगतेस?" या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं.

मला वाटतं, खासगीपणा कुणाचा, हे विचारलं की गुंता सुटतो. 'घरातली बाब' म्हणून जो खासगीपणा सांगितला जातो तो घराचा असतो, म्हणजे कर्त्या पुरुषाचा. त्या घरात बाईला स्वतःची खोली नसते, कपाट नसतं. पैसे तांदळाच्या डब्यात लपवावे लागतात, माहेरचं पत्र ट्रंकेच्या तळाशी. आता मोबाईल आला, पण तोही नवऱ्याच्या हातात आणि त्याचा पासवर्डही त्यालाच ठाऊक. तिला आतून काहीच झाकता येत नाही आणि बाहेरून कुणाला आत डोकावता येत नाही. आपण भांडतो ते या उलट्या व्यवस्थेशी. बाईचं बोलणं, तिचं शरीर, तिचा ठावठिकाणा यांवर तिचा अधिकार असावा आणि काय उघड करायचं ते तिनं ठरवावं, हीच तर आपली मागणी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्या निकालपत्रातही स्त्रीवाद्यांच्या या आक्षेपाची दखल घेतलेली आहे. खासगीपणाच्या नावाखाली घरातला अन्याय झाकला जाऊ नये, पण म्हणून बाईचा खासगीपणाही नाकारता येत नाही.

म्हणून केंद्राच्या यंत्रातल्या घराची खरी मालकीण मी कार्यकर्तीला मानत नाही. हकिकत त्या बाईची आहे, आपण राखणदार. राखणदारानं दार उघडं ठेवलं तर ते औदार्य होत नाही.

कुलपाच्या मर्यादा

आता ७०० केलं की सगळं सुरक्षित झालं, असं समजू नका. चार गोष्टी सांगते.

पहिली. या घराण्याच्या प्रत्येक यंत्रात 'रूट' नावाचा एक कर्ता असतो. त्याला कुठलीच पाटी अडवत नाही, तो कुठल्याही घरात जाऊ शकतो. तो अधिकार कुणाकडं आहे, हे संस्थेच्या कार्यकारिणीनं ठरवून लिहून ठेवावं. ज्यानं यंत्र लावून दिलं त्याच्याकडं तो सहज राहून जातो.

दुसरी. सगळ्यांचं मिळून एकच खातं आणि भिंतीवर चिकटवलेला एकच पासवर्ड असेल, तर पाटीला अर्थच उरत नाही. सगळे मालक. आधी माणशी एक खातं करा.

तिसरी. पाटी त्या यंत्रापुरती असते. पेन ड्राईव्ह साधारणपणे ज्या पद्धतीनं बांधलेले असतात त्यात या पाट्या राहतच नाहीत. ७०० च्या घरातून फाईल पेन ड्राईव्हवर आली की ती ज्याच्या हाती पडेल त्याची.

चौथी. यंत्र बिघडलं की आपण ते दुरुस्तीला बेळगावला नाहीतर कोल्हापूरला पाठवतो. तिथं डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर घराच्या पाट्या कुणी विचारत नाही. त्यावर उपाय म्हणजे सगळी डिस्क सांकेतिक करून ठेवणं. लिनक्स घालतानाच तसा पर्याय मिळतो, पण तोही मागावा लागतो. इथंही डिफॉल्ट आपल्या बाजूचं नाही. आणि त्याचा पासवर्ड हरवला तर आपली माहितीही गेली, हे लक्षात ठेवून तो दोघींकडं जपून ठेवा.

आता काय करायचं?

यंत्र चालू करून टर्मिनल उघडा. 'एलएस' लिहा, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला जोडून 'एलडी', मग जागा सोडून आपल्या घराचा मार्ग. आकडे आणि अक्षरं अर्थात इंग्रजीत टाइप करायची. ओळीच्या सुरुवातीला दहा अक्षरं दिसतील. पहिलं सोडून द्या, पुढची तीन-तीन-तीन वाचा. शेवटच्या तिघांत नुसत्या आडव्या रेघा असतील तर बाकीच्यांना दार बंद आहे. तिथं आर किंवा एक्स दिसला तर उघडं आहे. बंद करायला 'सीएचमॉड', मग ७००, मग घराचा मार्ग. झालं. ज्यांना टर्मिनल नको त्यांनी आपल्या घराच्या फोल्डरवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, त्यात परमिशन्स, आणि 'अदर्स'समोर 'नन' करावं.

दोघींना मिळून एकाच प्रकरणावर काम करायचं असेल तर घर उघडू नका. घराबाहेर एक वेगळं सामाईक फोल्डर करा, त्या दोघींचाच गट करा आणि फोल्डरची पाटी २७७० ठेवा. सुरुवातीच्या २ मुळं आत तयार होणारी प्रत्येक फाईल त्याच गटाची राहते. म्हणजे वाटून घेणं थांबत नाही, फक्त कुणाशी वाटायचं ते आपण ठरवतो. आणि फायलीला बाईचं नाव-गाव देण्याऐवजी नोंदवहीतला क्रमांक द्या. नोंदवही कपाटात, पूर्वीसारखी.

ज्यांच्याकडं विंडोज आहे त्या सुटल्या असं नाही. तिथं एका खात्याचं घर दुसऱ्या साध्या खात्याला मुळात बंद असतं, पण प्रशासक खात्याला ते उघडता येतं, आणि बहुतेक ऑफिसांत प्रत्येकजणच प्रशासक असतो.

शेवटी एक मागणं. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक केंद्रानं तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या यंत्रावर किती खाती आहेत, प्रत्येक घराची पाटी किती आहे, आणि रूटचा पासवर्ड कुणाकडं आहे. आणि केंद्रात बाई पहिल्यांदा बोलायला बसेल तेव्हा तिला सांगा, की तुझं बोलणं इथं लिहिलं जाईल आणि ते अमुक दोघीच वाचतील. हे वाक्य आपण तिला सांगतोच. ते खरं असायला हवं, एवढ्यासाठी ही सगळी यातायात.